हिमानीला नीट बघून या

१३ जुलै २००६, नेपरव्हिल

ही वही रेखाने दिली. म्हणाली, "तिथे पोरीशी भांडावंसं वाटलं की यात लिहा. तोंडाला कुलूप." ठीक आहे. मी भूलतज्ज्ञ. उभं आयुष्य ऑपरेशन थिएटरात पेशंटच्या उशाशी बसून चार्ट भरण्यात गेलं. रिटायर झालो तरी हात शिवशिवतात. लिहू.

तर केस अशी. पेशंट हिमानी, वय सत्तावीस, आमची एकुलती एक. दोन वर्षं मेडिकल कॉलेज छान चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस म्हणाली, वर्षभराची सुट्टी घेते, आणि अलास्काला निघून गेली. कशाला, तर हिमनद्यांचे फोटो काढायला. कॅलेंडरवर असतात तसे, डोंगर आणि निळं आभाळ, असे फोटो काढत असती तर समजलं असतं. ही अगदी जवळून काढते. नाक टेकवून. मला मेल करते, उघडलं की नुसता बर्फ. एकदा वाटलं चुकून फ्रीजरचा फोटो आला.

नाव ठेवलं ती माझीच चूक. ती जन्मली त्या आठवड्यात शिकागोत इतका बर्फ पडला होता की हॉस्पिटलातून घरी न्यायला रस्ता नव्हता. मी हौसेने 'हिमानी' ठेवलं. शाळेत पोरं 'हाय, मनी' म्हणून चिडवायची. आता खरोखरच बर्फात जाऊन बसली.

या महिन्याअखेरीला तिने कॉलेजला फोन करून 'येते' म्हणायचं आहे. नाही केला तर जागा गेली, परत मिळायची नाही. म्हणून उद्या मी निघतोय. तिला घेऊनच येणार.

रेखाने बॅग भरली आहे. भरली म्हणजे काय, कोंबली. गोडा मसाला, मेतकूट, लिंबाचं लोणचं, कुकर, लोकरी मोजे आणि वर एक जाडजूड रजई. जुलै महिन्यात रजई! मी म्हटलं, अगं, दोन आठवड्यांत आम्ही दोघं परत येणार, मसाल्याच्या इतक्या पुड्या कुणासाठी? "असू द्या हो," म्हणाली. बायकांचं पॅकिंग. बॅग बंद करताना तिने काय सांगितलं, तर एवढंच, "नीट बघून या तिला." पुढचं तिने न बोलताच मला कळलं. अडतीस वर्षांचा संसार आहे.

१५ जुलै, अलास्का

अँकरेजच्या विमानतळावर पोरगी दिसली आणि सगळे मुद्दे विसरलो. काळवंडली आहे, नाक सोललंय, अंगाला डिझेलचा वास. मिठी मारली तर माझ्या बरगड्या वाजल्या. बॅग एका हाताने उचलून ट्रकमध्ये फेकली. रेखाची बॅग, म्हणजे सोपं काम नाही ते.

दोन तास ड्राइव्ह करून तिच्या घरी आलो. घर कसलं, एक खोली. नळ नाही. पाणी कॅनमधून. संडास बाहेर, झाडांच्या मागे. यवतमाळात लहानपणी हेच सगळं होतं. त्यातून सुटायला मी समुद्र ओलांडून आलो, आणि पोरगी वाकडी वाट करून परत तिथंच पोचली. हे तिला म्हटलं नाही. कुलूप.

एक चांगली गोष्ट दिसली. खिळ्याला स्टेथोस्कोप टांगलाय. तिचाच, पहिल्या वर्षी मी घेऊन दिलेला. टाकून नाही दिला! म्हणजे मन अजून तिथेच आहे. फक्त हलकेच वळवायचं.

मी कुकर लावला. ती ताट घेऊन उभी, मी भात वाढतोय. पुरे का विचारायला मी म्हटलं, "बस?" तर ही पटकन जमिनीवर बसली, ताटासकट. मला आधी कळेनाच. मग हसू आवरेना. तिचं मराठी चार वर्षांचं आहे, बालवाडीपुढे सरकलंच नाही. ये, बस, खा, झोप, नको. त्यात 'बस' म्हणजे खाली बसणं, दुसरा अर्थच नाही. बाकी सगळं इंग्रजी. मी समजावलं तर म्हणाली, "बाबा, that's a terrible language. Same word for sit and stop?" मी म्हटलं, तुझ्या इंग्रजीत तर 'बस' तिसऱ्याच अर्थाने स्टॉपवर उभी असते. ती पोट धरून हसली. पुष्कळ दिवसांनी माझ्या विनोदाला कुणी हसलं.

१६ जुलै

आज बर्फावर नेलं. आधी राखाडी चिखल, त्यात पाय रुतला की बूट तिथेच राहतो आणि मोजा वर येतो. मग बुटांना लोखंडी दाते बांधायचे, डोक्यावर हेल्मेट. एकसष्ट वर्षांच्या माणसाचा हा अवतार रेखाने पाहिला असता तर दृष्ट काढली असती.

या हिमनदीचं नाव मातानुस्का. रस्त्यावरच्या लॉजमधून रेखाला फोन केला, इथे मोबाइल लागत नाही. तिला ऐकू आलं 'माता अनुष्का'. म्हणाली, तिकडे देऊळ पण आहे का? मी म्हटलं, आहे, आणि आपली मुलगी तिथली पुजारीण आहे.

टूरिस्टांना बर्फावर फिरवून आणणं ही तिची पोटापाण्याची नोकरी. उरलेला वेळ ती पोटावर आडवी पडून फोटो काढते. बर्फात एक खांब रोवलाय, एका प्रोफेसरबाईंच्या कामासाठी. रोज सकाळी त्याचा फोटो, त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून. बर्फ वितळतो, खांब उघडा पडत जातो. एवढंच. मी विचारलं, रोज तोच? म्हणाली, हो, रोज तोच. कुलूप फार गंजायला लागलंय.

१९ जुलै

मला काम मिळालं. छत्री धरायची. उन्हात बर्फ इतका चकाकतो की फोटो जळून जातो, म्हणून मी काळी छत्री धरून उभा. सर्जनने इकडे म्हटलं की इकडे, तिकडे म्हटलं की तिकडे. सवय आहे मला.

ती स्वच्छ बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे शोधते. एकेक टाचणीच्या डोक्याएवढा. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठे करून दाखवले आणि मी बघतच राहिलो. ती हवा शेकडो वर्षांपूर्वीची. कुणीतरी कधीतरी श्वासात घेतली असती, ती कुणी घेतलीच नाही, आत राहिली.

मग तिने खिशातून स्टेथोस्कोप काढला. माझ्या कानाला लावला आणि दुसरं टोक ओल्या बर्फाला. आत बारीक तडतड. हुबेहूब न्यूमोनियाच्या छातीसारखी! मी डोळे मिटून ऐकत राहिलो, जणू फुफ्फुसाच्या थेट खालच्या डाव्या भागापर्यंत. बुडबुडे फुटतात त्याचा तो आवाज, असं तिने सांगितलं. छान आहे. पण म्हणजे तो स्टेथोस्कोप खिळ्याला का टांगला होता ते कळलं, आणि थोडं वाईट वाटलं.

छत्री धरून खांदा दुखतोय. उद्या दुसऱ्या हाताने धरीन.

२२ जुलै

दोन दिवस पाऊस, धो धो. बाहेर जाता येत नाही. मेतकूट-भात, लोणचं, आणि तिचे वर्षभराचे फोटो. खांबाचे सगळे फोटो तिने एकामागून एक भराभर दाखवले. बर्फ खाली जातो, थंडीत थांबतो, पुन्हा खाली जातो. भुलीखालच्या माणसाची छाती वरखाली होते तशी, फक्त वर येणं कमी कमी. मी नकळत म्हणून गेलो, "हा पेशंट काही ठीक दिसत नाही." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "I know, बाबा." आणि माझा हात धरून बसली.

कॉलेजचा विषय आज काढायचा ठरवलं होतं. वातावरण इतकं छान होतं की काढला नाही. उद्या.

रजई तिने मोठ्या हौसेने अंथरली आहे. आईचा वास येतो म्हणते.

२४ जुलै

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

पाऊस थांबला म्हणून सकाळी गेलो. निळ्या बर्फाची एक भिंत आहे, तिच्यासमोर मला उभं केलं. म्हणे तुझ्याशिवाय भिंत किती उंच ते कळणार नाही. वर्षभर बर्फाचेच फोटो काढणारी पोरगी आज बापाचा फोटो काढणार म्हणून मी छाती काढून उभा. भिंत आणि मी दोघं मावेनात. डोळा कॅमेऱ्याला लावून ती मागे सरकायला लागली. अजून थोडी. अजून थोडी.

तिच्या मागे एक विहीर होती. वितळलेलं पाणी अशा विहिरीतून बर्फाच्या पोटात जातं, तळ दिसत नाही. ती विहीर तिला माहीत होती. तिला माहीत नव्हतं ते हे की तीन दिवसांच्या पावसाने काठ आतून पोखरला होता. मी उभा होतो तिथून काठाच्या खालून उजेड दिसत होता. वर एक पापुद्रा फक्त.

गाडी मागे घेणाऱ्याला आपण ओरडतो ना, तसा मी ओरडलो. "बस! बस!"

आणि ती बसली. जिथे होती तिथेच, धप्पकन. बाबाने 'बस' म्हटलं की बसायचं, चार वर्षांची असताना बसायची तशी. त्याच क्षणी तिच्या मागचा काठ, दारापेक्षा मोठा तुकडा, आवाज न करता गेला. आवाज नंतर आला, खूप खालून.

'मागे बघ' म्हटलं असतं तर ती वळली असती आणि वळताना पाय तिथेच पडला असता. 'स्टॉप' म्हटलं असतं तर ऐकता ऐकता एक पाऊल पडलं असतं. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा काही सुचलं नाही. मी गुडघ्यांवर रांगत गेलो, तिच्या पाठीच्या पिशवीचा पट्टा धरला आणि ओढत तिला भिंतीपाशी आणली. ती हसायला लागली, मग रडायला लागली. म्हणाली, "You told me to sit." मी म्हटलं, "मी पुरे म्हणत होतो गं." मग मीही रडलो. नाडी दोघांची धावत होती. दोघांची मोजली, तेवढंच हाताला काम.

२५ जुलै

आज कुलूप तुटलं.

सकाळी उठून बघतो तर ती बूट घालतेय. खांबाचा फोटो घ्यायला निघाली. कालच्या नंतर! मी दारात आडवा उभा राहिलो. जे पोटात होतं ते सगळं बाहेर. हे कसलं आयुष्य, नळ नाही, माणूस नाही, एकुलती एक पोर, आईच्या जिवाचा विचार कर, मी आईला शब्द दिलाय. कॉलेजला फोन कर, सामान भर, शुक्रवारी माझ्याबरोबर विमानात. बस झालं आता!

ती बसली नाही. या वेळी अर्थ बरोबर कळला.

सावकाश बोलली, इंग्रजीतच. म्हणाली, मी लहान होते तेव्हा तुला विचारायचे, बाबा, तू ऑपरेशनमध्ये काय करतोस? तू सांगायचास, कापणारा कापतो आणि जातो, कुणीतरी शेजारी बसायला लागतं. पेशंटला कळत पण नाही कोण बसलं होतं. पण बसायला लागतं. मी हे बोललोय. शंभरदा बोललोय, पार्टीत लोकांना हसवायला बोललोय. ती ऐकत होती हे मला माहीत नव्हतं.

मग ती मराठीत बोलली. शब्द शोधत, चार वर्षांच्या पोरीसारखी.

"बाबा, मी इथे बसते."

मी दारातून बाजूला झालो. ती गेली नाही, उभीच राहिली. वाट बघत होती. शेवटी मी छत्री घेतली. सोबत दोरही घेतला आणि तिला सांगितलं, आजपासून फोटोसाठी मागे सरकायचं असेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दोर हवा. कुणी नसेल तर मागे सरकायचं नाही. ती "promise" म्हणाली. मी म्हटलं, मराठीत म्हण. तिला शब्द येत नव्हता. शिकवला. "शपथ," म्हणाली.

वहीत खरं लिहायचं तर, माझी खात्री अजून नाही. भीती तर जास्तच वाढली आहे. पण काल तिच्या जागी एखादी हुशार रेसिडेंट डॉक्टर रात्रपाळीला असती आणि पेशंट हातचा जाता जाता वाचला असता, तर दुसऱ्या दिवशी ती कामावर आली म्हणून मी तिची पाठच थोपटली असती. हेही लिहून ठेवतो.

२७ जुलै

लॉजमधून तिने कॉलेजला फोन केला. मी तिचं जाकीट धरून शेजारी उभा. 'येणार नाही' हे ती फार नम्रपणे बोलली. मला वाटलं होतं छातीत काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही, फक्त जाकीट फार घट्ट धरलं होतं, तिला ओढून घ्यावं लागलं.

आता रेखाला काय सांगू? तिला शब्द देऊन आलोय. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. हवा छान आहे म्हणालो.

संध्याकाळी भिंतीचा फोटो पुन्हा काढला. दोर माझ्या हातात, म्हणून फोटोत मी नाही, नुसता दोर दिसतो, एका बाजूने आत येणारा. ती म्हणते हाच चांगला आहे.

३० जुलै, नेपरव्हिल

शुक्रवारी विमानतळावर पोरीने मला कडकडून मिठी मारली. मोकळी बॅग परत आणली, कुकर आणि रजई तिकडेच राहिली. शिकागोला उतरेपर्यंत मनात भाषण तयार करत होतो. आधी प्रकृती, मग हवा, मग हळूच मुद्दा.

रेखा विमानतळाच्या दारात गाडी घेऊन उभी. माझ्या मागे कोण येतंय हे तिने बघितलंसुद्धा नाही. हलकी बॅग उचलली आणि विचारलं,

"मसाला मार्चपर्यंत पुरेल ना तिला?"

मी तिथेच उभा. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. पुड्या, लोणचं, लोकरी मोजे, जुलैमधली रजई, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. भूलतज्ज्ञ म्हणे! सगळ्यांना झोपवता झोपवता मी स्वतः झोपलो होतो.

गाडीत म्हटलं, तुला माहीत होतं ती येणार नाही, मग मला कशाला पाठवलंस आणायला? ती शांतपणे गाडी चालवत म्हणाली, "आणायला कुठे म्हटलं होतं मी? नीट बघून या म्हटलं होतं. मी समजावलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आईची फूस आहे. तुमची पोर तुम्हीच बघायला हवी होती." थोड्या वेळाने म्हणाली, "बघितलीत?"

मी म्हटलं, बघितली. मग तिला विहिरीचं सांगितलं. सगळं. लपवलं काहीच नाही. तिने गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बराच वेळ रडली. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, दोर चांगला जाड आहे ना?

घरी आल्यावर तिने वही परत मागितली. दिली नाही. अजून पानं शिल्लक आहेत, आणि मार्चमध्ये मसाला घेऊन कुणालातरी जावंच लागेल. या खेपेला दोघंही जाऊ. एकाने छत्री धरायची, एकाने दोर.